दिव्यातील दव
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



याच व्याख्यानमालेत आमच्या आधी संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि मधुमेहींचा आहार अशा भारदस्त विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे झाली. त्यांच्यानंतर ‘मोटारीच्या पुढच्या दिव्यात साचणारा ओलावा’ हा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील, तर त्यात नवल नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर आहोत आणि आमचे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले आहे. परंतु कार्यालयातील वाहनांच्या देखभालीचे प्रकरण बरीच वर्षे आमच्या मेजावर होते. दर पावसाळ्यात ‘दिव्यात पाणी, दिवा बदलणे आवश्यक’ अशा मजकुराचे कागद सहीसाठी येत. सही करण्यापूर्वी त्या पाण्याची चौकशी करणे हे आम्ही आमचे कर्तव्य मानले. त्या चौकशीतून जे हाती आले, तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

विषय क्षुल्लक नाही, एवढे प्रथम सांगतो. आपल्या मंडळातील पुष्कळ कुटुंबे पूजेच्या सुटीत मोटारीने गावी जातात. पूर्वी ज्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत, तो रस्ता हावड्याहून निघून खरगपूर, संबलपूर, रायपूर करीत नागपुरास पोहोचे आणि पुढे अमरावती, अकोला, जळगाव, धुळे अशी सारी ओळखीची गावे घेत जाई. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले, पण माहेरची वाट बदलली नाही. आश्विनातील ही वाट परतीच्या पावसात भिजलेली असते. कडेने माणसे चालत असतात, गुरे बसलेली असतात, मागे दिवा नसलेली सायकल अचानक पुढ्यात येते. अशा वेळी चालकापाशी असलेले एकमेव साधन म्हणजे ते दोन दिवे.

थोडे गणित करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. पुढे काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर ती थांबण्यास आणखी २८ ते ३० मीटर लागतात. म्हणजे एकूण सुमारे ५५ मीटर. आता दिव्याच्या काचेवर आतून दव धरले आहे आणि गडद कपड्यातला पादचारी ४० मीटरांवर आल्याखेरीज दिसत नाही, अशी कल्पना करा. उरलेल्या १५ मीटरांत काय होईल, ते आम्ही बोलून दाखविण्याची गरज नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ मध्ये, पुढची माणसे व वाहने १५५ मीटरांवरून स्पष्ट दिसावीत असे दिवे हवेत, अशी अपेक्षा आहे. ती निष्कारण नाही.

ओलाव्याने प्रकाश केवळ कमी होत नाही, तो भरकटतो. काचेवरचा प्रत्येक थेंब हे एक लहानसे भिंग असते. रस्त्याकडे जावयाचा किरण त्या भिंगातून वर, बाजूला, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणजे आपणास दिसत नाही ते नाहीच, शिवाय समोरचाही दिपून जातो. आपल्या दिव्याची आबाळ ही केवळ आपली खासगी बाब राहत नाही, ती अशी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बंद दिव्यात पाणी येते कोठून? याचे उत्तर मोटारीत शोधण्याआधी स्वयंपाकघरात शोधावे. गरम भातावर झाकण ठेवले की थोड्या वेळाने झाकणाच्या आतल्या बाजूस थेंब लोंबू लागतात. माठाच्या थंडगार पाण्याने भरलेला तांब्या बाहेरून ओला होतो. तांब्या गळत नसतो. हवेतील अदृश्य बाष्प थंड पृष्ठभागाला टेकले की त्याचे पाणी होते. हवा जितकी उष्ण, तितके अधिक बाष्प ती सामावून घेते. ३० अंश सेल्सियसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, तर २२ अंशांना सुमारे १९ ग्रॅमच. उरलेल्याला जागा नसते, म्हणून ते दव होऊन बसते. ज्या तपमानास हे घडू लागते त्याला दवबिंदू म्हणतात. कोलकात्याच्या पावसाळ्यात ३० अंश तपमान आणि ८० टक्के आर्द्रता असणे ही नित्याची गोष्ट आहे. अशा हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. भर पावसात दिव्याची काच त्याहून थोडीही थंड झाली की आत धुके धरते.

येथे कोणी विचारील, दिवा जर बंद आहे तर त्यात दमट हवा गेली कशी? याचे उत्तर असे की दिवा पूर्ण बंद नसतो आणि नसावाही. जुन्या काळी वाटोळे काचेचे दिवे असत. अमेरिकेत १९४० पासून भिंग, परावर्तक आणि तार ही तिन्ही एकाच काचेच्या कवचात सांधून टाकण्याची पद्धत पडली. अशा सीलबंद दिव्यात, तडा गेल्याखेरीज, ओलावा शिरण्यास वाटच नव्हती. मात्र तार जळाली की सारा दिवा फेकावा लागे. पुढे मागून बल्ब बदलता येणारे दिवे रूढ झाले. १९७१ मध्ये एच-४ हा हॅलोजन बल्ब आला. अमेरिकेत १९८३ मध्ये बदलता येणाऱ्या बल्बच्या दिव्यांना मुभा मिळाली, आणि काचेची जागा पॉलिकार्बोनेट नावाच्या बळकट प्लास्टिकने घेत नेली. दिव्यांना वाटेल तो आकार देता येऊ लागला. ज्या अँबॅसिडरचे दोन वाटोळे डोळे या शहराने अर्धे शतक पाहिले, तिचे उत्तरपाड्याचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आजचे दिवे मांजराच्या डोळ्यांसारखे लांबट, कोपरे-कंगोरे असलेले आणि आतून प्रशस्त असतात.

असा दिवा पेटला की आतली हवा तापून फुगते. समजा आत आठ लिटर हवा आहे आणि तिचे तपमान ७० अंशांवर गेले आहे. दिवा विझून ती ३० अंशांवर आली की तिचे आकारमान जवळजवळ आठव्या हिश्शाने आकुंचन पावते. म्हणजे सुमारे एक लिटर हवा बाहेरून आत ओढली जाते. ही वाट मुद्दाम ठेवली नाही, तर दाबामुळे काचेची शिवण उसवेल आणि दिवा मग वाटेल तेथून श्वास घेऊ लागेल. म्हणून कारखानदार दिव्याच्या पाठीमागे लहान श्वासछिद्रे ठेवतात. काहींना खाली वळलेली रबरी नळी असते, तर काहींवर एक पांढरट पातळ चकती चिकटविलेली असते. ही चकती म्हणजे ताणून सच्छिद्र केलेले टेफ्लॉन. टेफ्लॉनचा शोध रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये लागला आणि ते ताणून सच्छिद्र करण्याची युक्ती बॉब गोर यांनी १९६९ मध्ये साधली. तिच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा आणि बाष्प जाते, पाण्याचा थेंब मात्र जाऊ शकत नाही. दिवा श्वास घेतो आणि सोडतो, आणि त्या श्वासाबरोबर थोडे बाष्प येणार-जाणार, हे गृहीतच आहे.

आता आम्ही आपल्यापुढे एक हिशेब ठेवतो. आजच्या भाषणातून एवढा एकच सोबत नेला तरी पुष्कळ झाले. आठ लिटर हवेत, ती ३० अंशांची आणि ८० टक्के आर्द्रतेची असता, एकंदर बाष्प किती असते? सुमारे ०.१९ ग्रॅम. ती हवा २२ अंशांपर्यंत थंड झाली तर त्यातले सुमारे ०.०४ ग्रॅम पाणी होऊन काचेवर बसते. पाण्याचा एक मध्यम थेंब ०.०५ ग्रॅमचा असतो. म्हणजे साऱ्या काचेवर पसरलेले जे धुके पाहून आपला जीव घाबरा होतो, ते एका थेंबाएवढेही नसते! त्या हवेतील सर्वच्या सर्व बाष्प पिळून काढले तरी चार थेंबांपलीकडे जाणार नाही. याउलट दिव्याच्या तळाशी चमचाभर पाणी डुलताना दिसत असेल, तर ते पाच ग्रॅम पाणी हवेतून आलेले नव्हे. ते पाणी म्हणूनच आत शिरले आहे आणि कोठेतरी त्याला वाट आहे.

निदानाचे सूत्र यावरून सहज निघते. काचेच्या एखाद्या कोपऱ्यात, बहुधा खालच्या किंवा बाहेरच्या कडेला, पातळ धुके धरले आहे. थेंब ओघळत नाहीत. दिवे लावून गाडी अर्धा-पाऊण तास चालविली की ते विरू लागते, आणि कोरड्या दिवशी दिसत नाही: तर तो रोग नव्हे, ऋतुधर्म होय. गाडीसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकांतूनही बहुधा असेच सांगितलेले असते. परंतु थेंब मोठे आहेत, ओघळ दिसतात, तळाशी पाणी साठते, दोन दिवसांच्या उन्हानेही ते जात नाही, किंवा दोहोंपैकी एकाच दिव्यात नेहमी दिसते, तर तेथे गळती आहे असे समजावे. दोन दिव्यांची तुलना हा फार उपयोगी पुरावा आहे. दोघांनाही हवा एकच लाभते. मग एकच का रडतो?

येथे आणखी एक गल्लत टाळावी. जुन्या गाड्यांची काच पिवळसर, धुरकट होते, ती बहुधा बाहेरून. उन्हातील अतिनील किरणांनी प्लास्टिकवरचा संरक्षक थर झिजतो. ओल्या बोटाने काच बाहेरून पुसावी. क्षणभर स्वच्छ दिसली, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागाचा आहे आणि त्याचा उपचार निराळा.

नव्या गाड्यांच्या मालकांची एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. जुन्या गाडीत दव येत नव्हते, ही एवढी महागाची गाडी घेतली तर हिच्यात येते! यालाही कारण आहे. हॅलोजन बल्ब ५५ ते ६० वॅट वीज घेतो आणि तिचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपाने समोरच्या काचेवर फेकतो. काच तापते, दव उडून जाते. २००७-०८ नंतर मोटारीत आलेले एलईडी दिवे वीज कमी घेतात, आणि त्यांची उष्णता मागे बसविलेल्या धातूच्या पंख्यांतून मागच्या बाजूला जाते. काच थंडच राहते, म्हणून दव रेंगाळते. दिवा निकृष्ट आहे असा त्याचा अर्थ नव्हे. अशा काचांच्या आतल्या बाजूस पुष्कळदा एक लेप असतो. तो थेंब न होऊ देता पाण्याचा पातळ पापुद्रा करतो. पुसण्याच्या उत्साहात तो लेप घालवू नये.

गळती आहेच असे ठरले, तर तिचा शोध सोप्याकडून अवघडाकडे घ्यावा. बॉनेट उघडून प्रथम दिव्यामागची रबरी टोपी किंवा फिरकीचे झाकण पाहावे. बल्ब बदलताना ते तिरके बसविले गेले असेल, किंवा रबर कडक होऊन चिरले असेल, तर पाणी तेथूनच जाते. अलीकडे हॅलोजनच्या जागी बाजारातला एलईडी बल्ब बसविण्याची टूम निघाली आहे. त्याच्या मागचा पंखा झाकणात मावत नाही, म्हणून मिस्त्री झाकण काढून ठेवतात किंवा त्याला भोक पाडतात. लोणच्याची बरणी उघडी ठेवून बुरशीला दोष देण्यासारखाच हा प्रकार होय. शिवाय तो परावर्तक हॅलोजनच्या तारेसाठी आखलेला असतो. त्यात दुसरा प्रकाशस्रोत घातला की झोत विस्कटतो आणि समोरच्याला त्रास होतो, तो निराळाच.

दुसरे, श्वासछिद्रे पाहावीत. त्यांत चिखल, कोळ्याचे जाळे किंवा कुंभारमाशीचे घर असेल, तर दिवा बाष्प बाहेर सोडू शकत नाही. मऊ ब्रशने ती स्वच्छ करावी. टाचणी खुपसू नये, नाहीतर पातळ चकती फाटेल. नळी निसटली असेल तर पुन्हा खाली तोंड करून बसवावी. तिसरे, काचेवर तडा आहे का ते बॅटरीच्या उजेडात तिरके पाहावे. दगड उडून पडलेली केसासारखी रेघ सहज नजरेतून सुटते. चौथे, पाठीमागची प्लास्टिकची खुंटी मोडली आहे का पाहावे. किरकोळ धक्क्याने बंपर शाबूत राहतो, पण दिव्याची खुंटी तुटून तेथे फट पडते. या चारही ठिकाणी काही सापडले नाही, तरच काच आणि कवच यांमधल्या शिवणीवर संशय घ्यावा. ती ब्यूटिल रबराने किंवा गरम वितळवून लावलेल्या चिकट द्रव्याने सांधलेली असते. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने ती कोठेतरी सुटते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाच्या गाडीचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. त्यांच्या डाव्या दिव्यात दव येई. एका गॅरेजने खर्चाचा अंदाज वगैरे न देता काचेच्या कडेने सिलिकॉनची जाड वळकटी फिरविली आणि पाणी राहू नये म्हणून मागची नळीही त्याच सिलिकॉनने बुजविली. महिन्याभरात दिव्यात दुप्पट पाणी झाले. मूळ दोष झाकणाच्या रबरात होता. ते रबर तसेच राहिले. पाणी येण्याची वाट उघडी आणि बाष्प जाण्याची वाट बंद, अशी स्थिती झाली. परावर्तकावर डाग पडले आणि अखेर सबंध दिवा बदलावा लागला. त्या कुटुंबाने पूजेसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. किरकोळ किमतीची रबरी टोपी ज्या ठिकाणी पुरली असती, त्या ठिकाणी हे घडले. गळतीचे कारण कळल्यावाचून केलेला उपचार गळतीहून महाग पडतो, तो असा.

दिवा वाळविण्याची रीतही सांगतो. मागची झाकणे व बल्ब काढून, बॉनेट उघडे ठेवून, गाडी कोरड्या उन्हात पाच-सहा तास उभी करावी. ऊन नसेल तर केस वाळविण्याच्या यंत्राची मंद गरम हवा बल्बच्या भोकातून थांबून थांबून सोडावी. हवा हाताला सोसेल एवढीच गरम असावी. रंग उडविण्याच्या यंत्राची प्रखर हवा सोडल्यास आतले प्लास्टिक वाकडे होते. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल तापून तेथे काच कमजोर होते, म्हणून कोरड्या कापडात किंवा कागदात धरावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परावर्तकाला स्पर्श करू नये. त्याची चकाकी म्हणजे निर्वात कक्षात चढविलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. फडक्याच्या एका फटकाऱ्याने तो निघून येतो आणि दिवा कायमचा मंद होतो.

वाळलेल्या दिव्याची परीक्षा घ्यावी. झाकणे नीट बसवून, दुसऱ्या कोणाला बागेच्या नळीने पाच मिनिटे पावसासारखे पाणी सोडावयास सांगावे आणि आपण आत पाहत राहावे. पाणी कोठून उतरते ते दिसते. गाड्या धुण्याच्या यंत्राचा जोरदार फवारा मात्र दिव्याच्या शिवणीवर मारू नये. तशा फवाऱ्याने धडधाकट दिव्यातही पाणी जाऊ शकते. शिवणीचीच गळती ठरली, तर दिवा उघडून नवे ब्यूटिल भरणे हे जाणत्या कारागिराचे काम आहे. पुष्कळ गाड्यांत दिवा काढण्यासाठी आधी बंपर उतरवावा लागतो. मल्लिक बाजाराच्या परिसरात जुन्या सुट्या भागांची दुकाने आहेत, तेथे असे काम जाणणारे हात सापडतात. परंतु जुना दिवा घेताना त्याचा परावर्तक व शिवण उजेडात तपासल्याखेरीज घेऊ नये.

घरगुती उपायांविषयी दोन शब्द. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत आपण तांदळाचे दाणे टाकतो. त्याच धर्तीवर दिव्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकण्याचा सल्ला दिला जातो. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश पाणी शोषू शकते, म्हणजे दहा ग्रॅमची पुडी फार तर तीन-साडेतीन ग्रॅम. वाळविलेल्या दिव्यात उरलेला ओलावा टिपण्यास ती एक-दोन दिवस ठेवावी, तेही दिवा न लावता. पण श्वासछिद्रातून दररोज नवी दमट हवा येत असता तिची क्षमता थोड्याच आठवड्यांत संपते. मग ती नुसती ओली पुडी आत पडून राहते, आणि तापलेल्या बल्बला टेकली तर नवी आपत्ती. निळ्या दाण्यांच्या जेलमध्ये कोबाल्टचे क्षार असतात. ती मुलांच्या हाती पडू देऊ नये आणि स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये. काचेला खालून भोक पाडण्याचाही एक सल्ला फिरतो. त्या भोकातून पाणी जाते हे खरे, पण चिखल, धूळ आणि किडे येतात, आणि गाडीच्या हमीवर पाणी पडते ते वेगळेच. तसेच जास्त उष्णतेने दव उडावे म्हणून ९० आणि १०० वॅटचे बल्ब घालणारेही आहेत. त्याने होल्डर जळतो, वायर वितळते, परावर्तक करपतो.

गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर स्वतः काहीच उघडू नये. येथे आमचा कारकुनी अनुभव उपयोगी पडेल. ‘सर्वच गाड्यांना होते’ असे तोंडी उत्तर मिळाले की पुष्कळ सज्जन परत येतात. त्याऐवजी दोन्ही दिव्यांची छायाचित्रे तारीख-वेळेसह काढावीत. दिवे किती वाजता लावले, किती वेळ गाडी चालविली आणि त्यानंतर ओलावा किती उरला, याचे चार ओळींचे टिपण करावे. असे तीन दिवसांचे टिपण जोडून लेखी अर्ज द्यावा आणि लेखीच उत्तर मागावे. ऋतुधर्म असेल तर आपल्याच टिपणातून तो सिद्ध होईल आणि मनाची काळजी मिटेल. गळती असेल, तर त्या कागदाला उत्तर देणे दुसऱ्या पक्षाला भाग पडेल. आमच्या कार्यालयात अशा साध्या टिपणाची अट घातल्यानंतर ‘दिवा बदलणे’ या मथळ्याची प्रकरणे पुष्कळ कमी झाली, आणि जी आली ती खरी आली.

पुराचे पाणी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांचे आप्त गाड्या सोडून चालत घरी गेले. २३ सप्टेंबर २०२५ रोजी आपण याच शहरात अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पाहिला. तापलेला दिवा घेऊन गाडी साचलेल्या पाण्यात शिरली की दिवा एकदम निवतो आणि मघाशी सांगितलेला तो लिटरभर श्वास हवेऐवजी पाण्याचा घेतो. श्वासछिद्र पाण्याखाली असेल तर उत्तम शिवणीचाही उपयोग नाही. दिवा बुडेल एवढ्या पाण्यात गाडी घालू नये, हा एकच उपाय. कारण त्या वेळी धोका दिव्यापुरता मर्यादित नसतो. बुडालेला दिवा पुढे कितीही वाळविला, तरी त्याचे जोड गंजलेले नाहीत ना, हे तपासून घ्यावे.

आणि शेवटी, दिवा टाकून केव्हा द्यावा? परावर्तक काळवंडला किंवा त्याचे पापुद्रे निघाले, होल्डर गंजला, काचेला आरपार तडा गेला, किंवा एलईडीचे आतले मंडल पाण्याने बंद पडले, तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. येथे काटकसर ही काटकसर राहत नाही.

सुटीवर निघण्याच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी गाडी एखाद्या भिंतीसमोर पाच-सहा मीटरांवर उभी करावी आणि दिवे लावावेत. भिंतीवरचे दोन झोत सारखे उजळ आहेत का, त्यांची वरची कड स्वच्छ आहे का, एखाद्यात अंधारे डाग आहेत का, एवढे पाहावे. यास पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी जशी निघताना ‘पाणी घेतले का, औषधे घेतली का’ अशी चौकशी करण्याची आपली रीत आहे, तशीच त्यांत ‘दिवे पाहिलेस का रे’ या एका प्रश्नाची भर घालावी, एवढीच आमची विनंती आहे. रात्रीच्या त्या रस्त्यावर कडेने चालणाऱ्या अनोळखी माणसाचे आयुष्यही त्या प्रश्नावर अवलंबून असते.